काचेवरच्या दोन टिचक्या

"माझ्याकडे एक गोष्ट आहे, तिच्यावर कुणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही," असं मी म्हणालो तेव्हा माझा डावा दंड नर्सबाईच्या ताब्यात होता आणि ती पट्ट्यात हवा भरत होती.

"काका, बोलू नका. आकडा चुकतो."

मी गप्प बसलो. म्हणजे ओठ मिटले. तिनं हवा भरणं थांबवलं, मधलं बोट वाकवून त्या गोल घड्याळाच्या काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि मगच आकडा वाचला.

"एकशे नव्वद. गोळ्या घेता का?"

"घेतो की."

"काका."

"एक दिवसाआड घेतो."

"काका!"

"बरं बाई, आठवल्या की घेतो."

"बाकावर दहा मिनिटं शांत बसा. पुन्हा बघते. प्रेशर फार आहे." मग पट्टा सोडवताना, बाकावरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आणि आज सांगणार होतात तुम्ही. बाबांना जाऊन महिना झाला."

माझ्या घरापासून या दवाखान्यापर्यंत येताना वाटेत तीन दवाखाने लागतात. तिन्हीकडे प्रेशर बघतात. तरी मी इथंच येतो, कारण ही आमच्या बॉयलरवाल्याची मुलगी. ती सहा वर्षांची असल्यापासून दरवर्षी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी तिला वह्या-पुस्तकं नेऊन द्यायचो. तिचा बाप दार उघडायचा, वह्या घ्यायचा, आणि "बस" म्हणायचा नाही. एका वर्षीही म्हणाला नाही.

तो गेला त्या दिवशी अंगणात तिनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काका, ते वजन कुणी टांगलं? तुम्ही तिथले फिटर होतात. तुम्हाला ठाऊक असणार." मी म्हणालो होतो, सांगेन. तिला ते का हवं होतं, हेही तिनं सांगितलं होतं. लाँड्रीतल्या अपघातात गेलेल्या घडीवालीची बहीण त्यांच्याच गल्लीत राहायची. ही शाळेत निघाली की बहीण धाडकन दार लावून घ्यायची. तीस वर्षं ती रोज ते दार ऐकत आली होती. "मला फक्त त्या दारासमोर उभं राहून एक वाक्य बोलायचंय," ती म्हणाली होती. "खरं वाक्य."

तर बाकावर एक निवृत्त ड्रायव्हर आणि गुडघे धरून बसलेली एक शिंपीण. श्रोते म्हणून मला तेवढे पुरतात.

"बोला फिटर," ड्रायव्हर म्हणाला. "गेल्या खेपेला तुम्ही बॉयलरच्या पाठीवर दोनशे अंडी उकडली होती."

"एकशे ऐंशी. वीस फुटली. पण आजची अंड्यांची नाही, माणसाची आहे."

आणि मी सुरू केलं.

आमची वाफेची मोठी लाँड्री होती. गावभरच्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं यायच्या. एका दालनात धुणं, दुसऱ्यात गरम रूळ. ओली चादर एका बाजूनं रुळात घालायची, दुसऱ्या बाजूनं कोरडी कडक बाहेर यायची आणि घडीवाली ती हातोहात चौकोनी करून रचायची. हे सगळं ज्या वाफेवर चालायचं ती मागच्या खोलीतल्या बॉयलरची, आणि तो बॉयलर हिच्या बापाच्या हाताखाली.

आता खोटं वाटेल, पण हा माणूस वाफेचा दाब नाकानं सांगायचा. सहा किलो दाबाला म्हणे त्याला ओल्या विटेचा वास यायचा, सातला जळक्या दोरीचा. एकदा पैज लागली. आम्ही त्याचे डोळे बांधले, कानांत कापूस घातला. पठ्ठ्यानं नाक वर केलं आणि म्हणाला, "सहा आणि पाव. आणि मॅनेजर येतोय." दोन्ही बरोबर!

"मॅनेजरला कसला वास यायचा?" शिंपिणीनं विचारलं.

"बुटांच्या पॉलिशचा. पांढरे बूट घालायचा तो. कोळशाच्या खोलीत पांढरे बूट."

पलीकडे नर्सबाई एका म्हाताऱ्याच्या बोटाला पट्टी बांधत होती. ती हसली नाही, पण तिचा हात जरा मंदावला.

पण नाक असलं तरी हा माणूस दाबाच्या काट्याकडे बघितल्याशिवाय राहायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी. आणि बघायची त्याची एक रीत होती. आधी काचेवर दोन टिचक्या, मग नजर. जुनं गेज होतं, काटा कधीकधी अडकून बसायचा. टिचकी मारली की जागचा सुटून खऱ्या आकड्यावर जायचा. "झोपलेल्याला उठवल्याशिवाय वेळ विचारायची नाही," असं म्हणायचा.

त्या गेजच्या तबकडीवर इंग्रजीत एकच शब्द छापलेला होता. आठ अक्षरं. आमच्या बॉयलरवाल्याला इंग्रजी तेवढंच यायचं. ती आठ अक्षरं त्यानं खडूनं भिंतीवर उतरवून घेतली होती आणि रोज कामावर आला की पुसट झालेलं अक्षर गिरवायचा. हजेरी कारकून पूर्वाश्रमीचा मास्तर. त्याच्याकडे विटेएवढा जाड शब्दकोश होता, त्यात प्रत्येक शब्दाची कुंडली. बॉयलरवाला त्याला चहाला उकळतं पाणी नेऊन द्यायचा आणि बदल्यात त्या शब्दाबद्दल विचारायचा. एकाच शब्दाबद्दल. वर्षानुवर्षं.

"प्रेशर म्हणजे दाब ना मास्तर?"

"आता दाब," मास्तर म्हणाले. "पण हा शब्द तुझ्या बॉयलरपेक्षा म्हातारा आहे. सहाएकशे वर्षांपूर्वी त्या लोकांच्या बोलण्यात आला, तेव्हा त्याचा अर्थ होता यातना. जिवाची घालमेल. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं दुःख."

"आणि वाफ?"

"वाफ फार पुढची. आधी माणूस, मग हवापाणी, मग यंत्र."

बॉयलरवाल्यानं चहाची किटली खाली ठेवली. "म्हणजे चुकीच्या घड्याळावर छापलाय," म्हणाला.

तेवढ्यात दारातून मॅनेजर ओरडला, "अरे, वरून प्रेशर आहे! चादरी दुपारपर्यंत गेल्या पाहिजेत!" मास्तरांनी शब्दकोश मिटला आणि म्हणाले, "हे बघ. आला परत माणसाकडे."

आणखी एक गोष्ट मास्तरांनी त्याला सांगितली होती. तिकडे विलायतेत पूर्वी कोर्टात आरोपी कबूल की नाकबूल एवढंही बोलला नाही, तर त्याला उताणं झोपवायचे. अंगावर फळी. फळीवर वजन. बोलेपर्यंत एकेक वाढवत जायचे.

"मग बोलायचे?"

"पुष्कळ बोलायचे."

"आणि नाही बोलले ते?"

"मरायचे. पण गुन्हा शाबीत नाही, म्हणून घरदार मुलाबाळांना राहायचं."

"वजन ठेवणारे कोण असायचे?" बॉयलरवाल्यानं विचारलं. ते मात्र कोशात नव्हतं.

"फिटर," ड्रायव्हर म्हणाला, "हसवता हसवता हे कुठं नेलंत?"

"तू गाडी चालवताना वळणं तुला विचारून यायची का?" मी म्हणालो. नर्सबाईनं न मागता पाण्याचा पेला आणून ठेवला आणि तिथंच, माझ्या बाजूला, स्टुलावर बसली. माझी बाही वर केली. पट्टा पुन्हा गुंडाळला.

"सांगा," म्हणाली. "मी ऐकतेय."

"बोलताना आकडा चुकतो म्हणालीस."

"चुकू दे."

मग मी त्या दिवसावर आलो.

चादरींचा डोंगर पडलेला. गावात तापाची साथ, इस्पितळं भरलेली, दर तासाला निरोप. रूळ पुरेसा तापत नव्हता. वाफ वाढवावी तर सातला सेफ्टी व्हॉल्व्ह उडायचा आणि सगळी वाफ छपरातून बाहेर. त्या व्हॉल्व्हची एक आडवी दांडी असते, दांडीच्या टोकाला वजन. वजन वाढवलं की व्हॉल्व्ह उशिरा उडतो. शेंबड्या पोराला कळेल असा उपाय. बॉयलरवाल्याला तो महिनाभर सगळ्यांनी सुचवला होता. तो म्हणायचा, "ती दांडी म्हणजे बॉयलरचं तोंड आहे. ते मी बांधणार नाही."

त्या दिवशी सकाळी शाळेतून निरोप आला. मुलगी तापानं फणफणलीय, घेऊन जा.

इथं पट्ट्यातली हवा जरा वाढली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"तुझा काही दोष नाही त्यात," मी म्हणालो. "लेकरं आजारी पडतातच."

"पुढं सांगा, काका."

तो अर्ध्या तासासाठी गेला. बॉयलर सोडून जायचा नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण गेला. जाताना कुणाला तरी सांगून गेला, काट्यावर लक्ष ठेवा, आधी टिचक्या मारा. मी नव्हतो. मी बाजारात पॅकिंगचं रबर आणायला गेलो होतो. माझी थोरली तेव्हा बारा दिवसांची, बायको अजून अंथरुणावर, म्हणून येताना औषधंही घेऊन येणार होतो. तर तो सांगून गेला मॅनेजरला. आणि त्याची पाठ वळताच मॅनेजर पांढऱ्या बुटांनी शिडी चढला, दांडीला एक जुनी लोखंडी चकती तारेनं टांगली आणि खाली उतरला.

"मॅनेजर?" शिंपीण म्हणाली. "स्वतः?"

"स्वतः. मोठी माणसं घाईला आली की काय वाट्टेल ते करतात. रूळ तापला. चादरी सरसर निघायला लागल्या. आतून घडीवालीनं हाक मारली, 'अरे वा, आज बॉयलर जेवलाय वाटतं!' खूश होती बिचारी, तिला लवकर घरी जायचं होतं. आणि दाब बघावा तर काटा साडेसहावर. स्थिर. मनात आलं, एवढी चकती टांगली तरी साडेसहाच, मग भ्यायचं कशाला? काचेवर, बरोबर आठच्या आकड्यावर, एक माशी बसली होती. काटा तिच्यापासून दीड घर लांब. ती पाय चोळत होती. काटा हलला असता तर ती उडाली असती असं वाटण्याइतका तो निवांत होता..."

मी थांबून पाणी प्यालो.

मग रुळाकडे जाणाऱ्या नळाचा सांधा फुटला. आवाज मोठा झाला नाही. लोकांना वाटतं धडाका होतो. तसं नसतं, कुणीतरी लांबलचक कापड फाडावं तसा आवाज. पांढरं दालन आणखी पांढरं झालं. वाफ ओसरली तेव्हा घडीवाली चादरींच्या चवडीवर पालथी होती. तिच्या हातातली घडी मोडली नव्हती.

बॉयलरवाला धावत आला तो मुलीला खांद्यावर घेऊनच. तिला दाराशी ठेवलं, आत गेला, भट्टीतली आग बाहेर ओढली, मग गेजसमोर उभा राहिला. दोन टिचक्या मारल्या. काटा सुटला आणि खाली आला. मग तो वर चढला, तार कापली, चकती खिशात घातली. ती चकती पुन्हा कुणाला दिसली नाही.

चौकशीला तीन साहेब बसले. वजन कुणी टांगलं? तो गप्प. बॉयलर कुणाच्या भरवशावर सोडलास? गप्प. बोलला नाहीस तर परवाना जाईल. गेला. नोकरी जाईल. गेली. कागदावर तुझं नाव लागेल, एका बाईच्या मरणाला. लागलं. एकेक ठेवत गेले. मी दाराबाहेर बाकावर होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. तो बाहेर आला, माझ्यासमोर क्षणभर थांबला आणि एवढंच म्हणाला, "मुलगी कशी आहे?"

"तुमची?" ड्रायव्हरनं विचारलं.

"माझी. बरी आहे म्हणालो."

त्यानंतर तो बर्फाच्या गोदामाच्या फाटकावर पहारेकरी झाला. बारा महिने अंगात स्वेटर. ज्या माणसाच्या नाकाला सातव्या किलोला जळकी दोरी कळायची, त्याला पुढं सर्दी कधी सोडली नाही. मॅनेजरचं नाव त्यानं का घेतलं नाही, देव जाणे. मोठ्या माणसांना भीत असेल.

"बाबा?" ती म्हणाली. "बाबा मोठ्या माणसांना भीत नसत."

"असेल मग दुसरं काही. मेलेल्या माणसाच्या पोटातलं मी कसं सांगू? तर ही गोष्ट. आता तू त्या दारासमोर जा आणि सांग, मॅनेजरनं टांगलं. तो मेलाय, मास्तरही गेले. कुणी खोडून काढणार नाही."

कोपऱ्यात पाण्याचं भांडं उकळत होतं, सुया-चिमट्यांचं. तिनं हवा हळूहळू सोडायला सुरुवात केली. मी त्या छोट्या घड्याळाकडे बघत होतो. काटा वर कुठंतरी अडकून होता. तिनं मधलं बोट वाकवलं, काचेवर दोन टिचक्या मारल्या, आणि वाचण्यासाठी वाकली. पण आकडा सांगितला नाही. घड्याळावरची नजर न काढता, पट्टा माझ्या दंडावर तसाच ठेवून, अगदी हळू विचारलं.

"काका, तुम्ही बाजारात होतात, तर आठावरची माशी पाय चोळताना कुणी पाहिली?"