जळक्या पिंपाचा वास

माझं पोट माझ्या नाकावर चालतं. चहाच्या कंपनीत मी चहा चाखतो. दिवसाला दोनशे वाट्या, सुर्रकन ओढायचं आणि थुंकायचं. तीन आठवड्यांपूर्वी सर्दी झाली आणि नाकानं संपच पुकारला. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. तोवर वास आला नाही, तर माझी गोदामात रवानगी ठरलेली. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

त्यात रविवारी थोरल्या साडूंचं बोलावणं. साडू विकतात चष्मे, पण दारूवर बोलायला लागले की आवरत नाहीत.

"आयरिश व्हिस्की! खिशाला परवडणारी, पण शेवटी बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेली. आज तुमच्या नाकाची परीक्षा," असं म्हणून ते ग्लास आणायला गेले. तेवढ्यात मी बाटलीवरची बारीक अक्षरं पाठ करून टाकली.

बायको आणि मेहुणी समोर बसून बघत होत्या. मी ग्लास नाकाशी धरला. साधं पाणी हुंगल्यासारखं वाटलं.

"व्हॅनिला," मी ठोकून दिलं. "मध. मागून जरासं सफरचंद."

साडू खूश. सवयीनं मी घोट सुर्रकन ओढला आणि कुंडीत थुंकलो.

"अहो, ही प्यायची असते!" साडू कळवळले.

दुसरा घोट गिळला. घसा पेटला, डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडून निसटलं, "जळकं!"

"वा!" साडू खुर्चीतून उठलेच. "अहो, ती पिंपं आतून जाळतात! हे तर बाटलीवरही लिहिलेलं नाही." त्यांनी स्वतःचा ग्लास हुंगला. "आहे, आहे! मलाही येतोय!" मग पिंपं कशी जाळतात, किती जाळतात, यावर त्यांचं व्याख्यान सुरू झालं.

मी ग्लास खाली ठेवला. वास गेला नाही, उलट वाढला.

"दूध!" मी ओरडलो आणि स्वयंपाकघराकडे धावलो.

परीक्षा बघायच्या नादात मेहुणी गॅसवरचं दूध विसरली होती. पातेलं काळंठिक्कर. मी त्यात नाक खुपसून उभा राहिलो आणि मला रडूच फुटलं.

"अहो, अर्धा लिटर दुधासाठी रडतात का कुणी?" मेहुणी घाबरली.

"हुंगू दे गं ताई," बायको डोळे पुसत म्हणाली. "पोटभर हुंगू दे त्यांना."

साडू हिरमुसून ग्लास घेऊन मागे आले. मी तो हिसकावून हुंगला. व्हॅनिला होता, मधही होता.

"सफरचंद मात्र नाही हो यात," मी म्हणालो.

"मघाशी तुम्हीच म्हणालात ना?"

"मघाशी मी वाचत होतो."