यादीत एकच गाडी

मित्रांनो, मी एक जुनी चंदेरी मोटार आहे. सोळा उन्हाळे दुबईत काढल्यामुळे माझ्या टपाचा रंग पापुद्र्यासारखा सुटला आहे. माझ्या वयाच्या गाड्या आपल्या प्रवासाच्या गोष्टी सांगतात. मी माझ्या मत्सराची सांगणार आहे, कारण त्याची भरपाई दुसऱ्याच कुणाला तरी करावी लागली.

जपानच्या कारखान्यातून जहाजाने आले तेव्हा मी आरशासारखी चकचकीत होते. पहिला मालक चार वर्षांत कंटाळला आणि मला शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात सोडून गेला. तिथे देवदत्तने मला पाहिलं. तेव्हा तो एका कंपनीत नोकरी करत होता. त्याची मुलगी पर्णिका दोन दिवसांची असताना माझ्याच मागच्या सीटवरून घरी आली. "रस्ता चांगला आहे म्हणून पळवू नकोस," त्याची बायको शालिनी सारखी म्हणत होती. सुट्टीच्या दिवशी फुजैराचा समुद्र, मीनाबाजारातली खरेदी, विमानतळावरून पाहुणे आणणं, सगळं माझ्याकडे होतं. त्या घरात दुसरी गाडी नव्हती आणि कधी येईल असं मला वाटलंही नव्हतं.

मग देवदत्तची नोकरी गेली. शालिनीने बर दुबई भागात जेवणाचे डबे सुरू केले आणि वर्षभरात त्याचा व्यवसाय झाला. सुरुवातीला डबे माझ्या डिकीतूनच जात. एके दिवशी पांढरी व्हॅन आली.

तिच्या अंगावर शालिनीचं नाव रंगवलं होतं. देवदत्तने तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. इमारतीच्या तळघरात आमच्या वाट्याला एकच जागा होती. ती तिला मिळाली आणि मी समोरच्या वाळूच्या मैदानात, उघड्या उन्हात गेले. तिला चालवायला यूनुस आला. हा कोकणातला, दापोलीकडचा माणूस. रोज सकाळी तो तिला बादलीभर साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि उरलेलं पाणी घेऊन माझ्याकडे यायचा. "तूपण घे गो थोडा," असं म्हणत माझी काच पुसायचा. मला ते उष्टं पाणी वाटायचं. तिच्या इंजिनाचा आवाज ऐकला तरी माझं डोकं तापायचं.

धंदा वाढला, तसा गिऱ्हाइकांकडून कर घेऊन तो सरकारकडे भरणं देवदत्तवर आलं. त्याने नोंदणीच केली नाही. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणत तीन वर्षं गेली. शेवटी कर आणि दंड मिळून चौऱ्याऐंशी हजार दिरहमची नोटीस आली.

घरात पर्णिका ऐकेल म्हणून ती दोघं माझ्यात येऊन बसली, इंजिन आणि एसी चालू ठेवून. शालिनीने आकडा दोनदा वाचला. "म्हणजे वीस लाख रुपये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तहसीनला फोन लावला. ती कराचे अर्ज तयार करून देणारी बाई. तिचा आवाज माझ्या स्पीकरमधून येत होता.

"हप्ते मागायचे तर महिन्याचा घरखर्च लिहून द्यावा लागेल," ती हिंदीत म्हणाली. "ज्याच्याशिवाय घर चालणारच नाही, तेवढंच लिहा. बाकी उरेल ते हप्त्यात जाणार."

शालिनीने वही माझ्या डॅशबोर्डवर टेकवली. भाडं, शाळेची फी, किराणा, वीज-पाणी, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या. एवढं तहसीनने मान्य केलं.

"पर्णिकाचा पोहण्याचा क्लास?"

"नाही भाभी."

"अण्णासाहेबांना सांगलीला पैसे पाठवतो," देवदत्त म्हणाला. "माझे वडील आहेत. त्यांचं औषधपाणी त्यावरच चालतं."

"डॉक्टरची बिलं मागवा, मग लिहू. नुसतं गावी पाठवतो म्हटलं तर कटेल."

मग तिने विचारलं, "गाड्या किती?"

"दोन."

"धंद्याची राहू द्या, ती कमावते. घरची विका. ते पैसे पहिल्या भरण्यात टाका, अर्ज वजनदार दिसेल."

देवदत्तने माझ्या स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला. तहसीन यादीबद्दल पुढे काय बोलली ते मला आठवत नाही. व्हॅन कमावते, एवढंच कानात बसलं. आणि मी बारा वर्षं काय केलं होतं?

त्या आठवड्यात अबू धाबीकडच्या मोहम्मद बिन झायद सिटीहून नागेश नावाचा गॅरेजवाला मला बघायला आला. त्याच्या खिशात रोख सहा हजार दिरहम होते. त्याने किल्ली फिरवली. मी सुरू झाले नाही. पुन्हा फिरवली. नुसती टिकटिक झाली. बॅटरी जुनी होती, हे खरं. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझी सुरू व्हायची इच्छाही नव्हती.

"खलास," नागेश म्हणाला. "भंगाराचा भाव देतो. अठराशे."

"थांबा दोन मिनिटं," यूनुस म्हणाला. त्याने तळघरातून व्हॅन आणली, तिचं नाक माझ्या नाकाला भिडवलं आणि दोघींना तारा जोडल्या. तिच्या बॅटरीचा जोर माझ्या अंगात शिरला आणि मी घरघरत चालू झाले. जिचं मला तोंडही बघायचं नव्हतं, तिच्याच जोरावर.

नागेशचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो व्हॅनभोवती फिरत होता. "ही विकणार का? एकतीस हजार देतो. आत्ता."

देवदत्तने शालिनीकडे पाहिलं. पहिल्या भरण्याला पंचवीस हजार लागणार होते, ते माझ्या विक्रीतून निघणार नव्हते, आणि ती आपल्या बांगड्या विकायला निघाली होती. यूनुस तारा गुंडाळत उभा होता.

चार दिवसांनी व्हॅन गेली. मला आनंद झाला, पोटभर झाला. त्याच संध्याकाळी मला तळघरातली जागा मिळाली.

अर्ज मंजूर झाला, उरलेल्या रकमेचे अठरा हप्ते पडले. माझी मागची सीट काढून तिथे डब्यांचे खोके ठेवले. फुजैरा बंद झालं. पर्णिका पुढच्या सीटवर मांडीवर खोका घेऊन शाळेला जायची.

"तुझा क्लास पुढच्या वर्षी नक्की," देवदत्त म्हणाला.

"इट्स ओके बाबा. आय वॉज बोअर्ड एनीवे," ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडे वळवून बसली.

आता डबे देवदत्त स्वतःच पोचवत होता. चालवायला दुसरी गाडी नव्हती, आणि यूनुसचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता.

त्याला विमानतळावर मीच नेलं. देवदत्तने त्याचा सगळा हिशेब चुकता केला होता, तिकीटही काढलं होतं.

"यूनुसभाई, तुमचा पगार घरखर्चात बसत नव्हता," वाटेत तो म्हणाला. "आणि धंद्याच्या खर्चात दाखवायचा, तर गाडी पाहिजे होती."

"माहिती हाय शेठ. तुमी खोटा केलाव नाय." यूनुस म्हणाला, "थोरल्या पोरीचा कॉलेज सुरू झालाय, तेवढाच जीवाला लागलाय. इन्शाल्ला, होईल कायतरी."

उतरल्यावर त्याने बॅगा काढल्या आणि माझा दरवाजा हळूच लावला. जुन्या गाडीचा दरवाजा लोक आपटतात. त्याने आपटला नाही. देवदत्त पार्किंगचे पैसे भरायचं सोडून बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

मित्रांनो, मी त्या व्हॅनचा हेवा केला. तिच्यावर एका माणसाची चूल पेटत होती, हे मला उन्हात उभं राहून दिसलं नाही. तुमच्या घरीही कधी काटकसरीची यादी करायची वेळ येईल. कर वेळेवर भरलात, तर कदाचित येणार नाही. पण आलीच, तर नीट करा. भाडं लिहा, फी लिहा, औषधं लिहा. आणि पान मिटण्याआधी एकदा विचारा, ज्याच्यासाठी या पानावर रकानाच नाही, असं कोण कोण आपल्या आधाराने जगतं आहे.