राखाडी लोकरीची गाठ

आमच्या बेटावरच्या दवाखान्यात काही फायलींना राखाडी लोकर बांधलेली असायची. न रंगवलेली, इथे घराघरांत असते तीच. जाड धागा आणि एकच गाठ. अर्थ एवढाच, की या माणसाला काय झालंय ते घरच्यांना माहीत आहे, त्याला नाही. त्याच्यासमोर तोंड सांभाळा. नियम कुठे लिहिलेला नव्हता. दरवर्षी पलीकडून, मुख्य भूमीवरून, नवा डॉक्टर यायचा आणि पहिल्याच दिवशी आम्ही नर्सा त्याला ही लोकर दाखवायचो. बहुतेकांना राग यायचा. एकजण तर मला म्हणाला, "रूथ, हा विश्वासघात आहे." पुढे तोही गाठ मारायला शिकला. कुणाची बायको दोन्ही हात धरून रडायला लागली, की पुस्तकातली वाक्यं तोंडातून निघत नाहीत.

मला स्वतःला ती लोकर कधी आवडली नाही. पण बांधायची वेळ आली की बांधायची मीच.

बेलार्मिनोकाकांच्या फायलीला बांधली ती शरदात. काका होड्या बांधायचे; आमच्या शेजारचेच. जठराचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. नोल्फाकाकू मला दवाखान्याच्या मागच्या दाराशी गाठून म्हणाली, "त्यांना काही बोलू नका गं. कळलं तर अंथरूण धरतील. पोटात व्रण झालाय म्हणून सांगा." मग आम्ही सगळ्यांनी व्रण सांगितला.

काकांचा एकच भाऊ, आव्हेलिनो. तरुणपणी दक्षिणेला पुंता आरेनासला मेंढ्या कातरायला गेला आणि तिकडचाच झाला. भांडण वगैरे काही नाही. दर उन्हाळ्यात हा म्हणायचा पुढच्या वर्षी येतो, तो म्हणायचा पुढच्या वर्षी ये. आता काका तपासणीला आले की विचारायचे, "व्रण बरा झाला की दक्षिणेला जाऊन येईन म्हणतो. जाऊ ना?"

"आधी अंगात ताकद येऊ दे, काका," मी म्हणायचे.

आव्हेलिनोला काकूने खरं कळवलं होतं. तो पहिल्या बोटीने निघणार होता. तिनेच अडवलं. इतक्या वर्षांत आला नाहीस, आता उगवलास तर त्यांना दारातच कळेल, म्हणाली. तिचंही चुकीचं नव्हतं. तो थांबला.

हिवाळ्यात दवाखान्यात संगणक आले. सगळ्या फायली त्यात चढवायच्या होत्या, आणि ते करून घ्यायला सांतियागोहून गोन्सालो नावाचा इंजिनिअर आला. पोरगा चांगला होता, फक्त सतत कुडकुडायचा आणि आमच्या चुलीला चिकटून बसायचा. त्याने सांगितलं, धागे काढा, कागद स्कॅनरमध्ये अडकतात. काढलेली लोकर एका खोक्यात जमली. मी खोकं उचलून त्याच्या टेबलावर ठेवलं.

"हे कुठं भरायचं?"

"हे काय?"

मी समजावून सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "याला रकाना नाही हो, ताई."

"रोगी डावखुरा आहे का, याला आहे. कुत्रा पाळतो का, याला आहे. आणि याला नाही?"

"माहिती रोग्याची असते. तसा कायदाच आहे."

"मग तुझ्या कायद्याला म्हणावं, नोल्फाकाकूसमोर येऊन उभा राहा."

तो हसला, मग विचार करून म्हणाला, "एक करता येईल. तपासणीची तारीख ठरली की यंत्र आपोआप फोनवर निरोप धाडतं, रोगाच्या नावासकट. त्या रकान्यात रोग्याचा नंबरच टाकू नका. घरच्यांचा टाका."

वाहवा, म्हटलं, पोरगा कामाचा निघाला. लोकर असलेल्या प्रत्येक फायलीपुढे मी स्वतः बसून नंबर बदलले. कुणाच्या मुलीचा, कुणाच्या सुनेचा. बेलार्मिनोकाकांच्या नावापुढे काकूचा. आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

आता ऐका माझी अक्कल. आमच्या बाजूला फोन लागतो तो फक्त खिडकीपाशी. काकूचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत विणलेल्या पिशवीत टांगलेला असतो. काकूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षर दिसत नाही. विजेचं बिल, बोटीची वेळ, भाचीच्या चुगल्या, आलेलं सगळं तिला काका वाचून दाखवायचे, चर्चमध्ये वाचतात तसं मोठ्याने. त्या स्वयंपाकघरात माते, आमचा कडू चहा, पीत बसून ते मी किती वेळा ऐकलंय. नंबर टाकताना मला ते आठवलं नाही.

पुढचं काकूने सांगितलेलं. ती मिल्काओच्या भाकरीसाठी बटाटे किसत होती. फोन वाजला. "बघा हो, कुणाचं आहे," ती म्हणाली. काकांनी चष्मा लावला, खिडकीशी गेले आणि वाचलं, "श्री. बेलार्मिनो कार्कामो ओहेदा. जठराचा कर्करोग, अंतिम अवस्था. वेदनाशमनासाठी मंगळवारी सकाळी येणे. सोबत नातेवाईक असावा."

शेवटपर्यंत वाचलं. मग फोन पिशवीत परत ठेवून म्हणाले, "तुझं नाही. माझं आहे."

मंगळवारी ती दोघं आली तेव्हा मी औषधांच्या खोलीत लपले होते. काकांनी मला बोलावून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कधीपासून, रूथ?"

"शरदापासून."

"शरदात मी मान्सियाच्या होडीला डांबर लावत होतो. तेव्हा दक्षिणेला गेलो असतो की मी. चालत गेलो असतो." ते काकूकडे वळले. "आव्हेलिनोला माहीत आहे?"

काकू खाली बघत म्हणाली, "तो येणार होता. मीच नको म्हटलं."

काकांनी स्वतःचे हात पालथे करून पाहिले. हात पार वाळले होते. "म्हणजे अख्ख्या बेटाला माहीत, दक्षिणेलाही माहीत," ते म्हणाले, "आणि मी येडा सफरचंदाची दारू सोडून बसलो. व्रण चिघळू नये म्हणून."

मला रडू आलं. माझ्या रडण्याचा त्यांना काय उपयोग होता?

त्याच दिवशी फोन गेला आणि आव्हेलिनो निघाला. पलीकडच्या बंदरापर्यंत पोचला, आणि वादळ आलं. आरमाराने बंदर बंद केलं. हिवाळ्यात हे नेहमीचंच आहे. दोघे भाऊ फोनवर बोलायचे, काका खिडकीशी उभे राहून. उभं राहवेना तेव्हा आम्ही त्यांची खाट खिडकीखाली ओढली. काय बोलायचे म्हणाल, तर फक्त हवेबद्दल. तुझ्याकडे वारा पडला का, माझ्याकडे नाही पडला.

वारा पडायच्या आत काका गेले. आव्हेलिनो पहिल्या बोटीने आला तो थेट दफनभूमीत, आणि कुणाशी न बोलता त्याने फावडं हातात घेतलं.

काकांसाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या शेवटच्या दिवशी मी काकूकडे होते. माणसं पांगली होती. आव्हेलिनो काकांच्या खुर्चीत बसला होता. नाक तेच, हातही तेच. काकू किसणीवर बटाटे घासत होती. मरणाची नोंद मी संगणकात केव्हाच केली होती, पण यंत्राने पुढचे निरोप आधीच रांगेत लावून ठेवले होते, हे मला कुठे ठाऊक?

फोन वाजला.

"बघा हो, कुणाचं आहे," काकू म्हणाली, आणि तिचा हात थांबला.

आव्हेलिनो उठला. खिडकीच्या फळीवर काकांचा चष्मा तसाच पडला होता, तो त्याने लावला आणि वाचलं. आवाजही तोच, चर्चमधला.

"श्री. बेलार्मिनो कार्कामो ओहेदा. उद्या सकाळी तपासणीस येणे. सोबत नातेवाईक असावा."

त्याने फोन पिशवीत ठेवला.

"आलोय की," तो म्हणाला, आणि चष्मा न काढता तिथेच उभा राहिला.