तिसऱ्या भोंग्यानंतरचं गेट

मंगळवार, सकाळचे नऊ. अपेक्षाने मला दुसऱ्यांदा वाजवलं आणि कांडी वसाहतीतल्या म्हाताऱ्या बायका बोचकी घेऊन चुकीच्या दिशेला चालू लागल्या. नाल्यातून कृष्णेचं पाणी उलटं वर येत होतं.

मित्रांनो, मी सांगलीजवळच्या एका बंद सूतगिरणीचा जुना भोंगा. मला वीज लागत नाही. बाजूचं हँडल जोरात फिरवलं की माझा आवाज साऱ्या शिवारात जातो. माझं लोखंडी अंग एका वर्कशॉपमध्ये घडलं आणि गिरणीच्या गच्चीवर मी उभा राहिलो. सकाळच्या पाळीआधी मी तीनदा वाजायचो. पहिल्या भोंग्याला चुली पेटत. दुसऱ्याला बायका तान्ही पोरं शेजारणीच्या स्वाधीन करून गेटकडे निघत. तिसरा झाला की गेट बंद, आणि बाहेर राहिलेल्याचा दिवस बुडाला.

गिरणी माळावर बांधली होती, कारण कापूस भिजून चालत नाही. कामगारांच्या झोपड्या, म्हणजे ही कांडी वसाहत, खाली नाल्याकाठी होत्या. त्या भिजल्या तर चालत असे. दुष्काळात माण तालुक्यातून आलेल्या हरणाबाई तिथेच राहिल्या आणि वाइंडिंग खात्यात सुताच्या कांड्या भरता भरता म्हाताऱ्या झाल्या.

गिरणी बंद पडली त्या दिवशी मला कुणी वाजवलं नाही. यंत्रं लिलावात गेली. मी भंगारवाल्याच्या आवारात पडून राहिलो. माझ्या तोंडात चिमण्यांनी घरटं केलं. वसाहत मात्र उठली नाही. माणसं कुपवाडच्या कारखान्यांत कामाला लागली, पत्र्यांच्या जागी हळूहळू विटा आल्या.

मग तो मोठा पूर आला. वीज गेली, मोबाइल बंद पडले, आणि पाणी दारात आल्यावरच वस्तीला कळलं. पूर ओसरल्यावर हरणाबाई भंगारवाल्याकडे आल्या. माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यो आमचा हाय. ह्याला वितळवू नगंस."

वस्तीने मला समाजमंदिराच्या स्लॅबवर बसवलं. तरण्या मंडळींनी नियम ठरवला. पहिल्या भोंग्याला सामान बांधायचं. दुसऱ्याला पूल ओलांडून नाल्यापलीकडच्या शाळेत जायचं. शेवटचं माणूस निघालं की तिसरा. वाजवायचं काम हरणाबाईंच्या सुनेकडे, अपेक्षाकडे आलं. ती फाउंड्रीत काम करते, दंडात बळ आहे.

तर त्या मंगळवारी तिने स्लॅबवरून हाक मारली, "आवं आत्या, गिरणीकडं कुठं निघालाय? शाळा तिकडं हाय."

हरणाबाई थबकल्या. त्यांच्या मागच्या दहा-बारा जणीही थबकल्या. सगळ्या गिरणीतल्याच.

"दुसरा भोंगा झाला न्हवं," हरणाबाई म्हणाल्या. "पाय आपसूक वळलं."

"आता काय हजेरी लावताय व्हय?"

बायका हसल्या आणि मागे फिरल्या. तेवढ्यात पुलाकडे गेलेली माणसं परत आली. पूल पाण्याखाली गेला होता, शाळेची वाट बंद झाली होती. उरला फक्त माळ. मग सगळी वसाहतच त्या म्हाताऱ्यांच्या मागे गिरणीकडे निघाली.

गेटवर काय झालं ते हरणाबाईंनी नंतर माझ्याशेजारी बसून सांगितलं. गेटला कुलूप होतं. आत पहारेकरी उदयसिंह, फौजेतून निवृत्त झालेले.

"मावशी, जागा कोर्टात हाय. कुणालाबी आत घ्यायचं न्हाई, तशी आर्डर हाय."

"मग सायबाला फोन लाव की."

"लागंना."

हरणाबाईंनी गेटचा गज धरला. "बाबा, तू काल आलास. माझं आयुष्य ह्या गेटातनं ये-जा करण्यात गेलं. तिसरा भोंगा झाल्याबिगर गेट लावायचं न्हाई, ह्यो गिरणीचा कायदा. तिसरा झालाय का? तूच सांग."

उदयसिंहांनी कान दिला. मी गप्प होतो.

"न्हाई झाला," ते म्हणाले.

"मग गेट लावलंसच कसं तू?"

ते जरासे हसले म्हणे. मग त्यांनी किल्ली काढली.

शेळ्या, सिलिंडर, पाळणे घेऊन वसाहत आत गेली. गल्ल्या रिकाम्या झाल्याचं पाहून अपेक्षाने मला तिसऱ्यांदा वाजवलं आणि ती खाली उतरली. कमरेएवढ्या पाण्यातून ती माळाकडे निघाली. मित्रांनो, माझ्या तिसऱ्या हाकेने आजवर माणसं बाहेरच राहिली होती. त्या दिवशी ती हाक विरून गेल्यावरही गेट उघडं होतं, आणि अपेक्षा पोचेपर्यंत उदयसिंह ते धरून उभे होते.

माझ्यासारख्याला फार काही लागत नाही. पावसाळ्याआधी थोडं ग्रीस, अधूनमधून हँडलला एक फेरी. तुमच्या वस्तीत असं काही गंजत पडलं असेल, तर भंगारात घालण्याआधी एकदा फिरवून बघा. आणि ते कशासाठी वाजायचं, हे ज्यांना आठवतं त्यांना विचारा.

पूर ओसरला. वसाहतीतलं एकही माणूस दगावलं नाही. गेट का उघडलं, याचा खुलासा मालकांनी उदयसिंहांकडे मागितला आहे. पावसाळ्यापुरती गेटची एक किल्ली समाजमंदिरात असावी, अशी मागणी वसाहतीने केली आहे. उत्तर आलेलं नाही. हरणाबाईंनी मात्र माझ्याशेजारच्या कठड्यात त्या किल्लीसाठी खिळा ठोकून घेतला आहे. आज सकाळपर्यंत तो रिकामा होता.