नवव्या वळणावरचा माणूस

“मामा, अजून जोरात हलवा. गाडी घाटात आहे, गोठ्यात नाही,” दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या आणि सगळे हसले.

वळणेमामा स्टुडिओत कोऱ्या करकरीत गाडीच्या मागे उकिडवे बसले होते. हातात लाकडी दांडा, त्याचं एक टोक गाडीच्या पोटाखाली. दांडा दाबला की गाडी डुचमळायची. चाकं जागची हलत नव्हती. समोर दुमजली घराएवढी दिव्यांची भिंत होती, तिच्यावर सिनेमाच्या पडद्यासारखा घाट पळत होता आणि गाडीत बसलेला हिरो हसत हसत स्टिअरिंग फिरवत होता. वळण निघून गेल्यावर फिरवत होता, गाढव.

वळणे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सव्वीस वर्षं जाहिरातींतल्या गाड्या घाटाघाटांतून पळवल्या, म्हणून युनिटने ठेवलेलं नाव. चेहरा कधी कुठे दिसला नाही, त्याचं त्यांना काही नव्हतं. गाडीला कोणाचा हात आहे हे जाणकाराला कळायचं, तेवढं त्यांना पुरे होतं. भिंतीवरचा हा घाटही त्यांनीच चालवलेला. तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी टपावर नऊ कॅमेरे बांधून घेतले आणि स्वतः शेजारी बसल्या. “नुसती ट्रायल आहे मामा. खरं शूटिंग तुमच्याच हातचं.” आज मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, तर त्यांच्या हातात दांडा दिला. सकाळपासून ते दातओठ खात तो दाबत होते.

नववं वळण जवळ आलं. त्या दिवशी इथे धुक्यातून एक म्हातारा सायकलवाला अचानक समोर आला होता. मामांनी गाडी अशी काही काढली, की म्हाताऱ्याच्या सदऱ्याला वारा लागला असेल तेवढाच. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं दोनदा सांगितलं. बायको म्हणाली, “एका घरातलं रडणं टाळलंत. आता बसा बघू निवांत.” एवढं समाधान त्यांना सव्वीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

भिंतीवर धुकं आलं. सायकलवाला आलाच नाही. मोकळा रस्ता भसकन एका अंगाला कलला आणि पुन्हा सरळ झाला.

“थांबा,” खुर्चीत बसलेले गाडीच्या कंपनीचे साहेब म्हणाले. “रिकाम्या रस्त्यावर गाडी झोकांडी कशी खाते? कोण चालवत होतं? पिऊन होता की काय?”

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उठले. “मी चालवत होतो. तिथे माणूस होता.”

“मला तर दिसला नाही.”

“काल पुसला,” भिंतीवरची चित्रं चालवणारा भिंतवाला संगणकातून मान वर न काढता म्हणाला. “नव्या गाडीपुढे बरा दिसत नव्हता.”

“बाई, तुम्ही शेजारी होता. सांगा साहेबांना.”

बाईंनी मामांकडे बघितलंसुद्धा नाही. “सॉरी सर. जुने ड्रायव्हर आहेत. वयामुळे होतं कधीकधी. आपण हे वळणच काढून टाकू.”

वयामुळे म्हणे. त्या दिवशी याच बाई डोळे मिटून त्यांच्या दंडाला घट्ट धरून बसल्या होत्या.

“काढायचं नाही,” मामा म्हणाले. “आधी तो माणूस परत घाला.”

“मामा, दांडा धरा. वेळ नाहीये.”

“तुमची पुसापुशी झाकायला मला दारुडा ठरवता? माझ्या गाडीला आजवर साधा ओरखडा नाही. लाज वाटू द्या थोडी. दांडा तुम्हीच धरा, नाहीतर साहेबांना द्या. रिकामेच बसलेत.”

या वेळी कोणी हसलं नाही. मामांनी दांडा जमिनीवर ठेवला. बाई भिंतवाल्याला म्हणाल्या, “मागे घेऊन परत लाव. कुठून कापायचं ते बघू.”

घाट पुन्हा सुरू झाला. मामा गाडीला वळसा घालून पुढे गेले आणि भिंतीला पाठ लावून, सायकलवाला जिथे दिसायला हवा होता तिथेच, साहेबांकडे तोंड करून उभे राहिले.

“मामा, चित्रात येताय. बाजूला व्हा.”

ते हलले नाहीत. त्यांना मागे वळून बघायची गरज नव्हती. धुक्यातून रस्ता सुसाट त्यांच्या अंगावर आला. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. ऐन वेळी रस्त्याने अंग चोरलं आणि तो मामांच्या शर्टाला न शिवता बाजूने निघून गेला.