मी हद्द झाले त्याची गोष्ट

मी कोलेना बोलतेय. गिनी देशातली लहानशी नदी. फुताच्या डोंगरातून उतरते आणि खालच्या मैदानाला लागते. डोंगराकडच्या तीरावर गुरंवाले, मैदानाकडच्या तीरावर भुईमूगवाले. दोन्हीकडच्या बाया माझ्यातच धुणं धुवायच्या आणि एकमेकींना नावं ठेवून हसायच्या. त्यांच्यात थट्टेचं नातं आहे. आधी हटकून नाही म्हणायचं, 'चवळीखाऊ' म्हणून चिडवायचं, मग मागितलं ते द्यायचं.

पुढं साहेब आले. "हे पाणी म्हणजे हद्द. अलीकडे एक प्रांत, पलीकडे दुसरा," म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

डोंगराकडची दलांदा एका सकाळी तापलेली पोर पाठीला बांधून माझ्यातून पलीकडे गेली. दवाखाना तिथंच, काठाला. दारात दवाखान्याचा अध्यक्ष लांसिने उभा.

"काय गं चवळीखाऊ, गुरं विकून आलीस की काय?"

"तूच चवळीखाऊ. सरक, पोर तापलीय."

"तुझा दवाखाना तुझ्या प्रांतात. पाणी आहे तिथं हद्द."

दलांदा हसली. थट्टाच वाटली तिला. माझ्या काठावर बसून राहिली, आता हाक मारेल, मग मारेल. पोरीच्या कपाळावर माझं पाणी लावत होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा लांसिनेनं आतून कडी लावली. तेव्हा कुठं तिला कळलं. उठली ती धावतच, डोंगर चढून दूरच्या दवाखान्यात.

पोर वाचली, पण कान गेले. आता ती माझ्यात पाय सोडून बसते आणि मी वाहते ते तिला ऐकू येत नाही.

हे मी पोटात ठेवलं. पुराचं पाणी अंगात आलं तशी वळले, लांसिनेच्या घरामागून नवी वाट काढली. भिंतीला धक्का लावला नाही. नुसती हद्द घरामागं नेली, घर आपोआप डोंगराच्या प्रांतात आलं.

दवाखाना पलीकडे राहिला, अध्यक्षपदही. ते भाच्याला मिळालं, सेकूला.

परवा लांसिनेला विंचू चावला. लंगडत काठावर आला.

"सेकू, औषध आण रे."

"मामा, पाणी आहे तिथं हद्द. तुमचेच शब्द."

लांसिने हसला. सूज पोटरीपर्यंत चढली तरी हसतच बसला होता, भाचा आता येईल म्हणून. भाच्यानं कडी लावली.

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कोलेना, पुरे कर आता थट्टा. जा परत जुन्या वाटेनं."

लांसिने, तुझंमाझं थट्टेचं नातं नाही.