बिरदेव तात्यांचा वाडा

शिरूरच्या कॉलेजात एस.वाय.ला होते, तेव्हा चार विषयांचे निबंध एकदमच मानगुटीवर बसले. सकाळी गोठा उरकायचा, एस.टी.त जागा मिळाली तर मांडीवर वही घेऊन लिहायचं, नाही तर दांडीला लोंबकळत मनातल्या मनात वाक्यं जुळवायची. तीन निबंध असेच झाले. अक्षर बघून आई म्हणाली, "ह्ये तू लिवलंस का कोंबडीनं?"

चौथा इतिहासाचा. मॅडमनी बजावलं होतं, "आपल्या भागातला एखादा वाडा स्वतः बघा आणि लिहा. निबंध नाही, तर परीक्षा नाही."

मला आनंदच झाला. माझ्या वडिलांनी, आबांनी, शेती धरली असली, तरी धाकटे चुलते बिरदेव तात्या अजून मेंढरं घेऊन फिरतात. रविवारी पाबळच्या शिवारात गेले आणि दिवसभर त्यांच्यातच बसले. तात्या म्हणाले, "ल्ही पोरी. आन् कुत्र्यांची नावं बी घाल. खरी राखण त्यांचीच हाय."

वर्गात मॅडमनी माझा निबंध उचलला. "धनश्री, वाड्याला भिंतीऐवजी जाळी? आणि दाराशी मेंढरं?"

वर्ग फिदीफिदी हसला. शेजारची सीमा पुटपुटली, "अगं, मॅडमना दगडी वाडा पायजे व्हता!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. रात्री भोवती वाघर ताणायची, म्हणजे जाळं, आणि शेजारी तीन दगडांच्या चुली. नक्षीच्या खांबांचा वाडा माझ्या मनातही आला नव्हता.

"उद्या दुसरा लिहून आण," मॅडम म्हणाल्या. सीमानं बाकाखालून स्वतःचा निबंध पुढे सरकवला. उतरवायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि कॉलेजची भाषा कुठल्या कुठे पळाली.

"दुसरा न्हाई लिवायची, मॅडम. सोता बघून लिवा, आसं तुमीच म्हनला व्हता. म्या बघूनच लिवलंय. ह्यांच्यातलं कोन वाड्याच्या आत गेलतं, इचारा की!"

मॅडमनी पुढच्या बाकांवरचे चार-पाच निबंध चाळले. सगळ्यांच्या निबंधात तोच वाडा होता, तेच खांब, तीच तुळस. सीमानं मान खाली घातली.

मॅडम उभ्यानंच वाचू लागल्या. रंगुबाई काकू ओच्यात ओलं कोकरू घेऊन भाकरी थापते, ते पान त्यांनी दोनदा वाचलं. मग लाल पेन काढून खाली सही केली.

"मला बघायचाय हा वाडा," त्या म्हणाल्या. "नेमका आहे कुठे?"

मी ताठ उभी राहिले.

"रविवारी पाबळला व्हता, मॅडम. आज कुठं आसंल, त्ये हुडकावं लागंल. आमचा वाडा चालतो."